लुकलुकणारा दिवा आणि २२० ओहम

कपडे धुण्याच्या यंत्रात पाणी केव्हा घ्यायचे आणि केव्हा सोडायचे, हे कोण ठरवते? आजच्या यंत्रांत हे काम एक छोटीशी चिप करते. तिचे नाव मायक्रोकंट्रोलर. आकडेमोड करणारा भाग, स्मृती आणि बाहेरच्या वस्तूंशी जोडणाऱ्या पिना असे सारे तिच्यात एकत्र असते.

विद्यार्थ्यांना अशी चिप सहज हाताळता यावी म्हणून २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे 'आर्डुइनो' हा फलक तयार झाला. त्याच्या 'उनो' या प्रकारातील घड्याळाचे सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके पडतात.

आपण त्यावर एक दिवा लुकलुकवू या. उनो फलक, तो संगणकाला जोडणारी केबल, तांबडा एलईडी, २२० ओहमचा रोधक, ब्रेडबोर्ड आणि दोन तारा घ्या. ८ क्रमांकाच्या पिनेपासून रोधकाकडे, तेथून एलईडीच्या लांब पायाकडे आणि आखूड पायापासून 'ग्राउंड'कडे, अशी जोडणी करा.

रोधक कशाला? एलईडीवरील दाब सुमारे २ व्होल्टच्या पुढे थोडा वाढला, तरी प्रवाह झपाट्याने वाढतो. पिनेवर तर ५ व्होल्ट असतात! पिनेची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे; २० च्या आत राहणे चांगले. रोधक नसेल, तर एलईडी किंवा चिप जळू शकते. आता गणित करा. ५ वजा २, म्हणजे ३ व्होल्ट रोधकावर पडतात. ३ भागिले २२० म्हणजे सुमारे १४ मिलिअँपिअर. दोघेही सुरक्षित!

चिपला संगणकावरून द्यायच्या आज्ञा अशा: पिनेवर ५ व्होल्ट दे, १००० मिलिसेकंद थांब, शून्य व्होल्ट दे, पुन्हा तितकेच थांब. मग पहिल्यापासून सुरुवात. दिवा सेकंदभर पेटेल, सेकंदभर विझेल.

आता दोन्ही ठिकाणी १००० ऐवजी १० लिहा. दिवा सेकंदाला ५० वेळा लुकलुकेल, पण तुम्हांला तो जवळजवळ अखंड, जरा मंद पेटलेला दिसेल. चित्रपटातली सुटी चित्रे सलग दिसतात ना, तसेच! अंधारात फलक झपकन बाजूला हलवा, म्हणजे प्रकाशाचे तुटक तुकडे दिसतील.

मात्र घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला यातले काहीही जोडू नका.

आणि ३३० ओहमचा रोधक लावला तर प्रवाह किती होईल? आधी गणित करा, मगच रोधक बदला.