विरिय आणि शोजिन

पाली ‘विरिय’ हा शब्द ‘वीर’ या शब्दापासून सिद्ध झाला आहे. पंच इंद्रिये, सप्त बोज्झंग आणि दहा पारमिता या तिन्हींत त्याची गणना होते. चीनमधील बौद्ध अनुवादकांनी त्यासाठी दोन चिन्हे योजिली. पहिल्यात तांदळाची खूण असून, सडून शुद्ध केलेला दाणा हा त्याचा मूळ अर्थ. दुसऱ्याचा अर्थ पुढे जाणे. हीच जोडी जपानी भाषेत ‘शोजिन’ झाली. यातील ‘शो’ लांबवून उच्चारावा.

जपानी शिकणाऱ्याला हा शब्द बहुधा प्रथम भेटतो तो ‘शोजिन र्‍योरी’ म्हणजे मांस-मासे वर्ज्य असलेल्या विहारी भोजनाच्या रूपाने. साधनाकाळात आहारसंयम पाळीत, म्हणून तो अर्थ जडला. परंतु शोजिन म्हणजे केवळ शाकाहार नव्हे. औपचारिक भाषेत मूळ अर्थ अद्याप जिवंत आहे. ‘गाकुमोन नि शोजिन सुरु’ म्हणजे विद्येत निष्ठेने परिश्रम करणे. येथे ‘नि’ हा ‘मध्ये’ या अर्थाचा प्रत्यय आणि ‘सुरु’ म्हणजे करणे. मित्रांत ‘गाम्बारिमास’ पुरते. पण सुमो मल्लास वरचे पद मिळाल्याचा निरोप येतो, तेव्हा तो अनेकदा ‘शोजिन इताशिमास’, म्हणजे ‘मी निष्ठेने परिश्रम करीन’, असे नम्र उत्तर देतो.

या नम्रतेचे मर्म आम्हांस एका चुकीतून कळले. एका वयोवृद्ध जपानी भन्तेंना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी आम्ही ‘कृपया शोजिन करावे’ असे लिहिले. व्याकरण निर्दोष होते. उत्तरात त्यांनी सौम्यपणे कळविले की, हा शब्द गुरूने शिष्यास सांगावा किंवा स्वतःविषयी उच्चारावा. वडीलधाऱ्यांना तो सांगणे म्हणजे त्यांच्या प्रयत्नांत उणीव दाखविणे होय. शुभेच्छा म्हणून जे लिहिले, तो उपदेश ठरला होता.

आपल्याकडे याच शब्दाचे काय झाले? मराठीत ‘वीर्य’ शब्द आज बहुतांशी शरीरधातूपुरता उरला आहे. त्यामुळे पारमितांच्या यादीत तो वाचताना आपले उपासक संकोचतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात वीर्याला पारमितांत स्थान देऊन सम्यक प्रयत्न असाच त्याचा अर्थ सांगितला आहे. तो अर्थ परत मिळवावयाचा असेल, तर शोजिनची रीत उपयोगी पडेल: हा शब्द दुसऱ्यास बजावण्यापूर्वी स्वतःविषयी उच्चारावा, आणि नंतर कामास लागावे.