आवणी आणि मेंदूचं वेळापत्रक

भंडारदऱ्याच्या परिसरात भाताचं वर्ष पावसाआधीच सुरू होतं. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण पसरून राब भाजायचा, पहिल्या सरींच्या बेतानं बी टाकायचं, तीन-चार आठवड्यांत रोप तयार झालं की मुठी बांधून चिखलात आवणी करायची. आवणी लांबली तर जून रोपाला फुटवे कमी येतात. मग खत कितीही मारा, गेलेले दिवस परत येत नाहीत. बाळाच्या मेंदूचं वेळापत्रकही असंच आहे. फरक एवढाच की तिथली पहिली आवणी घरात कुणाला कळायच्या आत उरकलेली असते.

पहिले २८ दिवस

गर्भधारणेनंतर साधारण अठराव्या दिवशी गर्भाच्या पाठीकडच्या बाजूला पेशींचा एक चपटा पट्टा दिसू लागतो. त्याच्या कडा वर उचलल्या जातात, आत वळतात आणि करंजीच्या कडा मिटाव्यात तशा एकमेकींना चिकटतात. तयार होते एक नळी, मज्जानलिका. तिच्या वरच्या टोकाचा पुढे मेंदू होतो आणि उरलेल्या भागाचा मज्जारज्जू. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमाराला ही नळी दोन्ही टोकांना बंद होते. तेव्हा गर्भ तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, आणि कित्येकींना दिवस गेल्याची खात्रीही नसते.

नळी खालच्या बाजूला उघडी राहिली तर बाळाच्या पाठीच्या कण्यात व्यंग राहतं, वरच्या बाजूला राहिली तर मेंदूच नीट घडत नाही. पेशी इतक्या वेगानं दुप्पट होत असताना त्यांना फॉलिक अ‍ॅसिड लागतं. ते पालेभाज्यांत आणि कडधान्यांत असतं. भंडारदरा ज्यात येतं त्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचं बियाणं जपलं, परसबागा लावायला शिकवलं. त्यांना पद्मश्री मिळाली. दारातल्या भाजीतून आणि वालाच्या शेंगांतून हे फॉलिक अ‍ॅसिडही मिळतं. तरीही नुसत्या आहारावर न विसंबता, मूल हवं असं ठरलं की दिवस जाण्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घ्यावी, असा सल्ला दिला जातो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवल्यावर गोळी सुरू झाली, तर ती पुढच्या कामांना उपयोगी पडते. नळी मात्र तोवर मिटलेली किंवा उघडी राहिलेली असते.

फॉलिक अ‍ॅसिडच्या जोडीला बी-१२ जीवनसत्त्व लागतं, आणि ते भाजीत मिळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी आढळलं. मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा बी-१२ फार कमी असलेल्या आयांची मुलं लक्ष एकाग्र करण्यात आणि तात्पुरतं लक्षात ठेवण्यात मागे पडलेली दिसली. पुढे त्याच अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना किशोरवयापासून बी-१२ देऊन पाहिलं गेलं, म्हणजे त्यांच्या बाळांच्या जन्माच्या कितीतरी आधी. दूध, अंडी, मासे हे बी-१२ चे घरगुती स्रोत. धरणातला मासा आणि पावसाळ्यात ओढ्याला सापडणारा खेकडा हेही त्यातलेच.

पेशींची चढण

नळी मिटली की चेतापेशींची पैदास सुरू होते. मोठ्या माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्यांतल्या बहुतेक जन्माआधीच तयार होतात.

या पेशी जिथे जन्मतात तिथे राहत नाहीत. मेंदूच्या आतल्या पोकळीजवळ जन्मून त्यांना बाहेरच्या थरापर्यंत जायचं असतं. वाट दाखवायला आधारपेशींचे लांब धागे असतात. कळसूबाईला जाणारा माणूस लोखंडी शिड्यांचा कठडा धरून चढतो, तशा त्या धाग्याला धरून वर सरकतात. आधी आलेल्या पेशी खालच्या थरात थांबतात, मागून आलेल्या त्यांना ओलांडून वरच्या थरात बसतात. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात ही चढण सर्वांत जोरात असते.

या चढणीला थायरॉइडचं संप्रेरक लागतं. बाळाची स्वतःची ग्रंथी निम्मं गरोदरपण सरेपर्यंत पुरेसं संप्रेरक बनवत नाही. तोवर सगळा भार आईवर. संप्रेरकासाठी आयोडीन हवं, आणि धो धो पावसानं धुपणाऱ्या डोंगराळ मातीत ते कमी असतं. म्हणून मीठ आयोडीनयुक्तच घ्यावं.

ऐकणारं पोट

सहाव्या महिन्यापर्यंत मेंदूचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत असतो. मग घड्या पडू लागतात, कारण बाहेरचा थर आतल्या भागापेक्षा वेगानं पसरतो. याच सुमाराला कानही कामाला लागतात. आईचा आवाज तिच्या शरीरातून थेट पोचतो, त्यामुळे जन्मलेलं बाळ अनोळखी बाईपेक्षा आईच्या आवाजाला जास्त प्रतिसाद देतं.

वाटा पाडणं, वाटा बुजवणं

जन्मताना मेंदूचं वजन साधारण ३५० ते ४०० ग्रॅम असतं, मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास पाव. दोन-तीन वर्षांत ते ८० टक्क्यांच्या आसपास पोचतं. यात नव्या चेतापेशी फारशा नसतात. वाढतात ते पेशींना जोडणारे सांधे. सुरुवातीच्या वर्षांत सेकंदाला दहा लाखांहून अधिक सांधे जुळतात, असा अंदाज आहे. ते गरजेपेक्षा जास्त जुळतात. मग जे वापरात येतात ते पक्के होतात, न वापरलेले मोडतात. माळावर गुरांच्या पायांनी पडलेली वाट रुळते आणि न तुडवलेली गवतात बुजते, तसंच.

याचा नमुना आपल्या जिभेवरच आहे. ‘वाट’ आणि ‘वात’ यांतला फरक मराठी कानाला लगेच कळतो. १९८४ मध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक ओळखता आला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना आला नाही. जो आवाज रोज कानी पडत नव्हता, त्याची वाट वर्षाच्या आत बुजली होती. म्हणून ठाकरी असो की मराठी, घरची बोली बाळाशी भरपूर बोला. बाळ हुंकारलं की त्याला उत्तर द्या. याला पैसा लागत नाही.

सांध्यांबरोबरच पेशींच्या लांब तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन चढतं आणि निरोप वेगानं धावू लागतात. पाहणं, ऐकणं, हालचाल यांच्या वाटांवर ते आधी चढतं. विचार करून स्वतःला आवरणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पुरा होत नाही. सोळा वर्षांच्या पोराला घायकुत्या म्हणण्याआधी हे आठवावं.

कोणत्या वेळी काय

हे वेळापत्रक आईच्या पोषणावर चालतं. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं ताजं जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना राज्यात २०१५ मध्ये सुरू झाली. पण मजुरीसाठी घर सोडून महिनोन्‌महिने बाहेर राहणाऱ्या बाईला गावातल्या अंगणवाडीचं ताट मिळत नाही, आणि बाळाचा मेंदू तिच्या परतण्याची वाट पाहत थांबत नाही. अशा वेळी जिथे मुक्काम असेल तिथल्या अंगणवाडीत नाव नोंदवावं.

उशीर झाला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. मेंदू आयुष्यभर शिकतो. पण पहिली आवणी बातमी कळण्याआधीच होते. म्हणून काळजी गरोदर बाईपासून सुरू करून भागत नाही. ती लग्न ठरलेल्या, त्याहून आधी शाळेत जाणाऱ्या मुलीच्या ताटापासून सुरू करावी लागते. त्या ताटात भाजी आहे का, आठवड्यातून दोन-चारदा अंडं, मासा किंवा दूध आहे का, आणि ती सगळ्यांच्या शेवटी तर जेवत नाही ना, एवढं आज घरी पाहा.