ट्रक परत गेल्यानंतर

२९ सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचा दिवस. गणपतीला निरोप देऊन, मिरवणुकीत नाचून थकलेली गावे रात्री उशिरा झोपी गेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरातली जमीन हादरली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांतली सुमारे ८ हजार माणसे गेली.

बातमी पसरली तशी मदतीला माणसे धावली. लष्कर आले, डॉक्टर आले आणि गावोगावचे तरुणही आले. त्यांत महाविद्यालयांतली मुले होती, राष्ट्रीय सेवा योजनेतली होती, निरनिराळ्या संस्थांची होती. मृत्यू कधी जवळून न पाहिलेल्या या पोरांनी ढिगारे उपसले, प्रेते बाहेर काढली. त्यांच्या त्या कष्टांना नावे ठेवण्याचा अधिकार घरी बसून बातम्या वाचणाऱ्यांना नाही. पण त्याच रस्त्यांवर बघ्यांच्या गाड्यांचीही रीघ लागली होती, आणि शहरांनी पाठवलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग कोणी न उचलता पडून होते. देणाऱ्याच्या घरात जे जास्त झाले तेच घेणाऱ्याला हवे असते, असे थोडेच आहे!

शेतकऱ्याच्या घरावर संकट येते तेव्हा ते घरापाशी थांबत नाही. भूकंप झाला ते दिवस खरिपाच्या काढणीचे आणि रब्बीच्या तयारीचे होते. बैल गेले, औजारे आणि बियाणे ढिगाऱ्याखाली गेले, राबणारे हात गेले. अन्नाची पाकिटे चार-आठ दिवस पुरतात. पेरणीची वेळ टळली की मात्र सारे वर्ष हातचे जाते. ट्रक परत गेल्यानंतरच खरी मदत सुरू व्हायला हवी, ती यासाठी.

काही जणांनी हे ओळखले. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे युवक-युवती मदतकार्यासाठी या भागात गेले. त्या कामातूनच हराळी गावी निवासी शाळा उभी राहिली, शेतीचे शिक्षण सुरू झाले. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. दोन्ही कामांमागे विचार एकच होता. भूकंप एका पहाटेत होतो, माणूस उभा राहायला मात्र वर्षे लागतात.

याच्याही पुढचे पाऊल गावांनी स्वतः टाकले. घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. ग्रामसभेत तोंड उघडण्याची सवय नसलेल्या या बायका आता अभियंत्यांना प्रश्न विचारू लागल्या. अनुदान किती, ते कधी मिळणार, भिंतीच्या आरपार जाणारे दगड का बसवायचे, माळवदावरचा मातीचा भार का कमी करायचा, हे त्यांनी घरोघरी समजावले. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा मराठवाड्यातल्या अशाच अनुभवी बायका तिथल्या बायकांना भेटायला गेल्या. मदत घेणारे हात मदत देणारे झाले. मदतकार्याचा याहून चांगला शेवट कोणता?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला. सोलापूर, धाराशिव भागांत पिके तर गेलीच, पण कित्येकांच्या शेतांतली मातीही खरवडून गेली. पुन्हा तरुण धावले. पूर्वी निरोप पोहोचायला दिवस लागायचा, आता मोबाईलवरून तासाभरात गाडी भरते. पण गाडी बहुधा डांबरी रस्त्यालगतच्या गावात रिकामी होते, आणि गावातही पुढे उभे राहू शकणाऱ्याच्याच हाती सामान पडते. मागच्या वस्तीवरचा मजूर, बटाईने शेती करणारा, सातबाऱ्यावर नाव न चढलेली विधवा यांच्यापर्यंत ते जाईलच असे नाही. नुकसानभरपाईचेही तसेच. पंचनामा सातबारा विचारतो, कोणी घाम गाळला ते विचारत नाही.

इथेच शिकलेल्या तरुणांचे मोल आहे. गाडी भरण्याआधी दोघांनी पुढे जाऊन काय हवे ते विचारून यावे. गावातल्याच चार मुलामुलींना बरोबर घ्यावे आणि यादी त्यांना करू द्यावी. महिन्याभराने पुन्हा जावे, अर्ज लिहून द्यावेत, तहसील कचेरीत सोबत बसावे. या कामाचे फोटो चांगले येत नाहीत, पण एखाद्या घराचे वर्ष त्याने वाचू शकते.

उद्या आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी पाठीला सॅक लावून म्हणेल, ‘आई, मी निघाले.’ आपल्या काळजात धस्स होणारच. तरी अडवू नये. डब्यात चार पोळ्या जास्त द्याव्यात. आणि थकूनभागून, चिखलाने माखून ती परत आली, की पोटभर जेवू घालून एवढेच विचारावे, ‘आता पुन्हा कधी जाणार?’