इंजिन वाकडं की पंखा खराब? आधी माप लावा!

मालवणच्या किनाऱ्यावर फायबरची होडी एकीकडे ओढत असली, की पहिला संशय पंख्यावर जातो. पण खर्च करण्याआधी किनाऱ्यावरच हे तपासा. 👇

१) मागच्या फळीच्या दोन्ही टोकांपासून इंजिनाच्या मध्यापर्यंत माप घ्या. दोन्ही मापं सारखी हवीत. फरक असेल तर क्लॅम्प सैल करून इंजिन मध्यावर आणा.

२) उंची बघा. होडीच्या तळाला सरळ पट्टी लावा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या बरोबरीला किंवा साधारण इंचभर खाली हवी. इंजिन फार वर असलं तर वळताना पंखा हवा ओढतो: आवाज वाढतो, वेग नाही. फार खाली असलं तर पाण्याचा अडथळा वाढतो नि इंधन जास्त जातं.

३) कलाची पिन बघा. इंजिन फार आत झुकलं तर होडीची नाळ (पुढचं टोक) पाण्यात रुतते, फार बाहेर गेलं तर नाळ उसळते.

४) सगळं ठीक, तरी होडी उजवीकडे ओढते? पंख्यामागच्या लहान ट्रिम टॅबचं मागचं टोक किंचित उजवीकडे वळवा. डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. थोडं थोडं फिरवा, दर वेळी चालवून बघा.

शेवटी क्लॅम्प नि बोल्ट घट्ट आहेत ना, तेही पाहा. कंपनाने ते हळूहळू सैल होतात. आणि हो, चालवून बघणं सोडलं तर हे सगळं इंजिन बंद ठेवूनच करा; ते चालू असताना हात पंख्यापासून लांब! ⚓