रत्नागिरी ते अंदमान : अंतर एक, वेळ अनेक

1921 साली वि. दा. सावरकरांची अंदमानातून रत्नागिरीच्या तुरुंगात रवानगी झाली, तेव्हापासून या दोन स्थळांची नावे मराठी माणसाच्या तोंडी जोडीने येतात. परंतु त्यांच्यामधील अंतर किती आणि ते तोडण्यास वेळ किती, हे दोन प्रश्न वरकरणी एकच भासले तरी त्यांचे हिशेब अगदी निराळे आहेत.

अंतराचा हिशेब भूमितीचा. विमान मुंबईहून धरायचे असे मानून आधी तेथूनचे अंतर मोजू. मुंबईचा विमानतळ साष्टी बेटावर आहे, हे खाड्यांवरील पुलांमुळे आपल्या ध्यानात राहत नाही. पोर्ट ब्लेअरचा, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमचा, वीर सावरकर विमानतळ दक्षिण अंदमान बेटावर आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन बेटांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो दाखवील तीच सर्वांत जवळची वाट होय. पृथ्वीच्या केंद्राशी ती सुमारे साडेवीस अंशांचा कोन करते. एका अंशाच्या 60 कला आणि एका कलेचा एक सागरी मैल, म्हणजे 1.852 किलोमीटर, या प्रमाणाने हे अंतर 1,230 सागरी मैल, अर्थात सुमारे 2,280 किलोमीटर भरते.

काळाचा हिशेब मात्र इतका निश्चल नाही. ताशी 830 किलोमीटर वेगाने हे अंतर पावणेतीन तासांत संपावे. पण धावपट्टीपर्यंतची चाल, आरोहण आणि अवरोहण धरता थेट उड्डाणासही तीन तासांहून अधिक लागणार. त्यात पावसाळ्यात द्वीपकल्पावरील उंच आकाशात पूर्वेकडून प्रबळ वारे वाहतात, त्यामुळे जाताना विलंब आणि येताना लाभ. ताशी सत्तर किलोमीटरांचा वारा असला, तर जाण्यायेण्याच्या वेळांत अर्ध्या तासाची तफावत पडते. शिवाय ज्या बेटाच्या आसपास दुसरा विमानतळ नाही, तेथे जाणाऱ्या विमानाला, उतरण्यास अडचण आल्यास आणखी दोन तास उडता येईल इतक्या जादा इंधनाची तजवीज करावी लागते.

1911 साली ‘महाराजा’ जहाजाने सावरकरांना मद्रासहून नेले, ते 27 जूनला निघून 4 जुलैला अंदमानास पोचले. आज चेन्नईहून त्याच बेटापर्यंतच्या सुमारे 1,370 किलोमीटरांना विमानास दोन तासांहून थोडाच अधिक वेळ पुरतो.

रत्नागिरीकराची गोष्ट मात्र विलक्षण आहे. सरळ रेषेने अंदमान त्याला सुमारे 2,170 किलोमीटरांवर, म्हणजे मुंबईकरापेक्षा शंभरावर किलोमीटरांनी जवळ. तरी मुंबईहून विमान धरायचे तर कोकण रेल्वेने कित्येक तास उत्तरेकडे जाऊन आधी त्याला आपल्या गंतव्यापासून दूरच सरकावे लागते, आणि मग बहुधा चेन्नईला किंवा कोलकात्याला विमान बदलण्यात आणखी खोटी होते. म्हणून असा प्रवास आखणाऱ्याने विमानाचा वेग सर्वांत शेवटी पाहावा; आधी घरापासून विमानतळापर्यंतची वाट आणि मधला मुक्काम हिशेबात धरावा, कारण दिवस मोडतो तो तेथेच.