एकोणऐंशी मैलांचा हिशेब

अमेरिकेतल्या अनेक लोहमार्गांवर प्रवासी गाड्यांना ताशी ७९ मैलांची, म्हणजे सुमारे १२७ किलोमीटरची मर्यादा आहे. ती इंजिनांच्या ताकदीवरून ठरलेली नाही. मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीची 'हायवाथा' गाडी १९३५ पासून शिकागो ते सेंट पॉल-मिनियापोलिस मार्गावर वाफेच्या इंजिनाने ताशी शंभर मैल गाठत असे. याच मार्गावर रॉनडाउट या ठिकाणी दुसऱ्या कंपनीचे रूळ आडवे जात. त्याआधी चालकासाठी पाटी होती: वेग कमी करून ९० वर आणा! मग ७९ आले कुठून? माझ्या मते वेगमर्यादा म्हणजे गाडी वेळेत थांबवण्याची हमी, आणि ती हमी सिग्नल नि ब्रेक देतात.

या हमीतली उणीव २५ एप्रिल १९४६ रोजी इलिनॉयमधल्या नेपरव्हिल स्थानकात दिसली. बर्लिंग्टन कंपनीची एक गाडी तपासणीसाठी अचानक थांबली होती. काही मिनिटांच्या अंतराने त्याच रुळावरून येणारी दुसरी गाडी तिच्यावर मागून आदळली आणि ४५ माणसं दगावली. सिग्नल होते, मागच्या गाडीला ब्रेकही लागले होते. पण तिचा वेग वेळेत आटोक्यात आला नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला साधारण चौपट अंतर लागतं. दिवा दिसल्यावर सगळी भिस्त माणसावर ठेवायची, तर वेगाला आवर हवाच. म्हणून १९४७ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोगाने आदेश काढला: ८० मैल किंवा त्याहून जास्त वेग हवा असेल, तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा बसवा किंवा सिग्नल इंजिनातच दिसतील अशी सोय करा. ही सोय नसलेल्या मार्गावर गाडी ८० च्या आत, म्हणजे ७९ वर राहिली.

या आदेशानेच अमेरिकेची प्रवासी रेल्वे खुंटली, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. आदेशाने वेगाला बंदी घातली नव्हती, किंमत लावली होती. सांता फे कंपनीने ती मोजली आणि तिच्या गाड्या शिकागो-लॉस एंजेलिस मार्गावर मोठ्या अंतरात ९० मैलांनी धावत राहिल्या. मोटारी आणि विमानं प्रवासी ओढून नेत असताना बाकीच्या अनेक कंपन्यांना हा खर्च परवडेना, हे खरं. पण तो दोष नियमाच्या माथी मारता येत नाही. शिकागो-सेंट लुइस मार्गावर २०२३ पासून बऱ्याच अंतरात ११० मैलांनी गाड्या धावतात. तिथे आधी रूळ, फाटकं आणि सिग्नल सुधारले. पाटीवरचा आकडा सर्वांत शेवटी बदलला.