हद्दीबाहेरची केएमटी

उचगाव कोल्हापुरात नाही. पाचगाव नाही, कळंबा नाही, मोरेवाडी नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेली गांधीनगरची कापडपेठ, जिथं लग्नाचा बस्ता बांधायला लांबलांबून माणसं येतात, तीही नाही. सरकारी कागदावर ही सगळी करवीर तालुक्यातली गावं. यातला कुणी मुंबईत भेटला, तर तो मात्र स्वतःला कोल्हापूरचाच म्हणवतो. हा घोळ आजवर एकाच खात्यानं आपल्यापुरता निकालात काढलेला आहे, ते म्हणजे महापालिकेचा परिवहन उपक्रम, सगळ्यांची केएमटी. तिला हद्द दिसत नाही, पुढचा स्टॉप दिसतो.

केएमटी १९६२ ची. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं, तेही तेव्हाच्या गावाबाहेरच्या माळावर. पुढं शिरोलीची औद्योगिक वसाहत आली, गोकुळ शिरगावची आली. पोरांना कॉलेजला आणि कामगारांना पाळीवर वेळेत पोचवायचं तर बसला गावाबाहेर जाणं भागच होतं. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली. पाटी बदलली, हद्द तीच राहिली. ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत त्यात साडेपाच लाख माणसं. हद्दवाढीचे प्रस्ताव निघाले, मोर्चे निघाले, बंद झाले. एवढ्या काळात शहर सगळ्या दिशांनी वाढून गेलं आणि केएमटी त्याच्या मागोमाग वाढीव वस्त्यांत शिरत राहिली.

मूळ कोल्हापूर काही बससाठी वसलेलं नाही. तटबंदी पडली, वेशी गेल्या, तरी रस्त्यांची वळणं त्याच काळातली आहेत. पेठांतले रस्ते तालमीच्या दारावरून, देवळाला वळसा घालून, कुठल्या तरी तिकटीला येऊन मिळतात. गंगावेशीतून निघालेल्या ड्रायव्हरला एका बाजूला लावलेल्या मोटारसायकली, दुसऱ्या बाजूला भाजीच्या पाट्या आणि मधे अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या गाड्या यांतून अवजड बस काढायची असते. इथं चूक झाली तर किती महागात पडते, हे १ ऑक्टोबर २०१७ च्या संध्याकाळी दिसलं. पापाच्या तिकटीला ताबुतांच्या मिरवणुकीत केएमटीची बस घुसली आणि दोघांचा जीव गेला. ज्या रस्त्यावर माणसाला बाजूला व्हायलाही जागा नाही, तिथं गाडीच्या देखभालीत काटकसर परवडत नाही. हे कळायला अपघात लागू नये.

शिवाजी चौकातून दसरा चौक, व्हीनस कॉर्नर करत स्टँडकडं जाणारा रस्ता त्यामानानं रुंद, पण संध्याकाळी तिथंही बस रांगतच जाते. आणि अंतर तरी कितीसं? रंकाळ्यापासून कावळा नाक्यापर्यंत मोटारसायकलला किक मारली की माणूस पोचतो. त्यामुळं शहरातल्या शहरात फिरणारा प्रवासी केएमटीनं केव्हाच गमावला. राहिला तो लांबचा प्रवासी. उपनगरातली विद्यार्थिनी, पाळीचा कामगार, सीपीआरला औषधपाण्यासाठी निघालेली म्हातारी, दुकानात कामाला येणारी बाई. त्यांच्यासाठीही वडाप टपून असतंच. वडापवाला भरल्याशिवाय हलत नाही आणि भरल्यावर थांबत नाही. बसला मात्र वेळ झाली की रिकामीही निघावं लागतं. दुपारची बारा-चौदा माणसांची फेरी आतबट्ट्याची असते, पण ती रद्द केली की सकाळचा पासधारकही हळूहळू वडापकडं वळतो. परतीची खात्री नसेल तर जाण्याचं तिकीट कोण काढील?

तोट्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो आणि 'कारभार' हा शब्द उच्चारून पान उलटतो. कारभाराचे दोष असतीलही, पण हिशेबाची मांडणीच तिरकी आहे. प्रत्येक किलोमीटरला डिझेल, पगार, टायर, सुटे भाग असा खर्च ठरलेला, आणि तिकिटातून तेवढं येत नाही. ही तूट महापालिका भरते, म्हणजे हद्दीच्या आतला घरफाळा भरणारा भरतो. बस मात्र बाहेरच्या गावालाही जाते. म्हणून हद्दवाढीचा वाद पेटला की शहरात एक मागणी हमखास होते: ज्या गावांना हद्दवाढ नको, त्यांची केएमटी बंद करा. राग समजण्यासारखा आहे. फक्त त्या बसमधली कॉलेजची पोरगी काही ग्रामसभेत ठराव मांडत नसते.

पुण्यानं यावर वेगळी तोड काढली. २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल कंपनी झाली आणि तोटा दोन्ही महापालिकांनी साठ-चाळीस वाटून घ्यायचं ठरलं. तिथंही रडगाणी आहेतच, पण वाटेकरी तरी ठरले. कोल्हापुरात हद्दवाढीऐवजी २०१७ साली ४२ गावांचं क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. आज स्थिती अशी, की प्राधिकरणाकडं गावं आहेत पण बस नाहीत, आणि महापालिकेकडं बस आहेत पण गावं नाहीत.

केएमटीची खरी गरज गर्दीच्या आणि अडचणीच्या दिवशी कळते. नवरात्रात तिची दुर्गादर्शनाची खास बस निघते. गल्लीबोळांत विखुरलेल्या नवदुर्गा एका फेरीत दाखवणारी ही सेवा बायकांमध्ये विशेष लाडकी. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की एकेक मार्ग आखडता घ्यावा लागतो. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि शहर तुटून पडलं.

नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून मिळालेल्या ७५ बसही आता जुन्या झाल्या. पुढची आशा विजेच्या गाड्यांवर आहे. केंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत देशभरासाठी १० हजार बस आहेत. त्यांतल्या १०० कोल्हापूरला मंजूर झाल्या. धूर नाही, खडखडाट नाही, म्हणून आपण खूश. पण योजनेतली पैशाची रचना नीट वाचायला हवी. गाड्या ठेकेदाराच्या, चालवणार तोच. महापालिकेनं त्याला किलोमीटरमागं पैसे मोजायचे, आणि त्यात केंद्राचा हातभार १० वर्षांपुरता. बस भरलेली असो वा रिकामी, दर तोच. तेव्हा या गाड्यांचे मार्ग आखतानाच प्राधिकरण, मोठ्या ग्रामपंचायती आणि औद्योगिक वसाहती यांनी आपापल्या किलोमीटरचा वाटा लेखी उचलायला हवा. नाहीतर पाचगावचं, उचगावचं बिल पुन्हा शिवाजी पेठेच्या नावानं फाटेल, आणि पुढच्या हद्दवाढीच्या आंदोलनात विजेवरची बस बंद करा अशी घोषणा ऐकू येईल.